सदुसष्ट नंबरची जागा

४ फेब्रुवारी

नवीन वही. ही ऑफिसची नाही, माझी स्वतःची. ऑफिसच्या वहीत 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. मला जे म्हणायचं असतं ते त्यात मावत नाही.

काम असं आहे. नदीचं अख्खं पाणलोट क्षेत्र, उगमापासून खाली पुलापर्यंत. त्यात जिथे जिथे पाणथळ जागा आहेत किंवा पूर्वी होत्या, त्या हुडकायच्या. माती उकरून खात्री करायची. त्यातल्या कुठल्या पुन्हा ओल्या करता येतील ते सांगायचं. ओळीने दोन वर्षं पुलाखालच्या वस्तीत पूर शिरला, तेव्हा वरच्या लोकांना एकदम साक्षात्कार झाला की पाण्याला वाटेत थांबायला कुठेतरी जागा लागते. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकाने दोनशे बारा जागा काढून दिल्यात. त्यांच्यावर माणसं दोन : मी आणि लव्हाळेबाई. मी मातीवाला, माझ्या हातात गिरमिट. त्या वनस्पतीवाल्या, त्यांच्या हातात भिंग. लव्हाळेबाई हे नाव मी ठेवलेलं नाही, सगळं ऑफिस म्हणतं, आणि त्यांना ते आवडतं.

मुदत ऑक्टोबरअखेर. साहेब म्हणाले, "दोनशे हा आकडा बरा दिसतो. बारा काढून टाका."

कुठल्या बारा, ते नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

आज नऊ जागा पाहिल्या. चौदा नंबरची पाणथळ जागा म्हणजे एका बंगल्याचा पोहण्याचा तलाव, वर निळं ताडपत्रीचं झाकण. पंधरा म्हणजे गोदामाची सावली. बावीस म्हणजे रोपवाटिकेचं काचेचं छप्पर. आणि पंधरा-सोळाच्या मधे, यादीत नावसुद्धा नाही अशा ठिकाणी, लव्हाळेबाई गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या. ओढून काढता काढता माझा बूट आत राहिला.

"संगणकाला दिसली नाही ही," बाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. मला एका पायात मोजा घालून गाडीपर्यंत चालावं लागलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर बाईंनी माझी शिकवणी घेतली. पाणकणीस दिसलं तर काम सोपं, ते शेंबडं पोरही ओळखेल. पण पाणकणीस काढून टाकलेलं असलं तरी लहानसहान झाडं जागा सोडत नाहीत. पुदिन्यासारखा वास येणारं एक बुटकं झुडूप आहे, ते मुळं ओली असल्याशिवाय उगवतच नाही म्हणे. मी त्यांना माती शिकवली. कोरड्या जागेची माती तपकिरी निघते. बरेच दिवस पाण्याखाली राहिलेली निघते राखाडी, आणि तिच्यात गंजाचे ठिपके असतात, जुन्या खिळ्यावर असतात तसे. वरून सगळं वाळवलं, सपाट केलं, तरी खाली हातभर खोलीवर ती राखाडी राहते. शंभर वर्षंसुद्धा राहते.

आज ताईकडे गेलो होतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पुस्तकं बांधते. घराच्या मागच्या खोलीत तिचं कामाचं टेबल, लोखंडी प्रेस, पुठ्ठ्यांच्या चळती. त्या खोलीचं दार परत फुगलं होतं, म्हणून रंधा घेऊन गेलो. ही तिसरी वेळ. सुताराने कच्चं लाकूड वापरलंय, दुसरं काय. मागच्या पायरीशी तिचं ते पुदिन्याच्या वासाचं झाड चांगलं फोफावलंय. म्हणाली, "मी पाणीसुद्धा घालत नाही त्याला." ताईच्या हाताला गुणच आहे.

८ मार्च

छत्तीस नंबर. हाडाचा शेतकरी, वय सत्तरच्या पुढे. मी गिरमिट फिरवलं, राखाडी माती निघाली, मी आनंदाने त्याला दाखवली. तो म्हणाला, "माझ्या बापाने अकरा वर्षं चर खोदून ही जमीन कोरडी केली. पाठीचं धनुष्य झालं त्याचं. आणि तुम्ही मला सांगायला आलात की ती परत ओली करा?"

मी हातातली माती परत खड्ड्यात टाकली.  त्याने आम्हाला कुत्रा दाखवला. निघा म्हणून सांगायची गरज पडली नाही.

परत येताना बाई म्हणाल्या, "त्याचंही खरंय." मी म्हटलं, सगळ्यांचंच खरं असलं तर आपण यादी कशाची करायची? मी चिडलो होतो. खरं म्हणजे महिनाभर मी रोजच चिडलेला आहे. गिरमिटाची मूठ मोडलीय, नवीन मागवायला तीन सह्या लागतात आणि तिसरी सही करणारा रजेवर आहे.

२१ मार्च

तीन दिवस पाऊस. आज सकाळी सातला ताईचा फोन. "घाई नाही, पण जमलं तर पंप घेऊन ये."

मागच्या खोलीत घोट्याच्या वर पाणी. एका महाविद्यालयाचे साठ अंक बांधायला आलेले होते. ताईने ते टेबलावर चढवले होते, पण खालचे पुठ्ठे भिजून पापडासारखे वाकले. खळीचं पातेलं पाण्यावर तरंगत होतं. मी पंप लावला, पन्हळ बघितली, गटाराची जाळी उचकटली, घर बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. भिंतीजवळचं मोठं कपाट जरा सरकवून मागची ओल बघावी म्हटलं, तर ताई एकदम म्हणाली, "त्याला हात लावू नकोस. राहू दे."

भाऊजी दारात उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. ते शाळेत गणित शिकवतात. बोलतात कमी, आणि बोलले की पेपर तपासल्यासारखं बोलतात. म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या त्या नकाशात आमची गल्ली कुठे येते हो?"

"बघून सांगतो," म्हटलं.

२४ मार्च

बघितलं. सदुसष्ट.

सदुसष्ट म्हणजे ताईची गल्ली, तिच्यातली सात घरं आणि मागचं गवताळ पटांगण. जागेवर न जाता, टेबलावरूनच 'घरं आहेत, बाद' असा शेरा लिहिला. घरं असलेल्या आणखी दोन जागा होत्या, त्याही बाद केल्या. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा. साहेबांना बारा कमी हवेच आहेत, त्यातल्या तीन झाल्या.

यात चुकीचं काही नाही. ज्या जागेवर माणसं राहतायत ती पुन्हा ओली कशी करणार?

२ एप्रिल

लव्हाळेबाईंनी यादी बघितली. गाडीत मला विचारलं, "सदुसष्टला आपण कधी गेलो होतो?"

"नाही गेलो."

"मग बाद कशी?"

"घरं आहेत तिथे."

"कुणाची?"

मी गाडी चालवत होतो. समोर बघणं भागच होतं.  बाईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि एकट्याच प्यायल्या. रोज आधी मला देतात.

३ एप्रिल

लिहून टाकतो. वाचणारा मीच आहे, तेव्हा लाज कुणाची.

आठ वर्षांपूर्वी ताईने मला विचारलं होतं, ही जागा घेऊ का? म्हणाली, "तुझं मातीतलं शिक्षण, तू सांग." मी ऑफिसातला जुना पाहणीचा कागद काढला. त्यावर 'कोरडी, बांधकामास योग्य' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "डोळे झाकून घे." त्या दिवशी गिरमिट माझ्या गाडीतच होतं. वीस मिनिटांचं काम. पण मला कुठेतरी जायचं होतं. कुठे, ते आता आठवतही नाही.

परवा मी तो कागद परत काढला. पाहणीचं वर्ष बघितलं. ते सलग तिसरं कोरडं वर्ष होतं.

१७ मे, शनिवार

सुट्टीच्या दिवशी गेलो. बाई आपणहून आल्या. मूठ अजून मोडलेलीच, तिला चिंध्या गुंडाळल्यात.

ताईला म्हटलं, "मागच्या अंगणात जरा खोदायचंय."

"खोद की. विचारतोस काय?"

मागच्या पायरीजवळ बाई खाली वाकल्या, त्या झाडाचं एक पान चुरगळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तीन महिने मी दर रविवारी त्या झाडाला ओलांडून घरात जातोय.

गिरमिट हातभर गेलं. वर भरावाची लाल माती, मग विटांचे तुकडे, मग राखाडी. ठिपके असे ठसठशीत, की शिकवायला घ्यावा असा नमुना. दुसरीकडे खोदलं. तिसरीकडे खोदलं. तिसऱ्या खड्ड्यापाशी आम्ही उभे असतानाच खालून पाणी वर आलं.

ताई पायरीवर बसून बघत होती. "काय निघालं?"

मी तिला सांगितलं. पटांगणाखालून एक जुना बुजलेला चर जातो. त्याने थोडंफार पाणी निघून जातं आणि थेट नदीत, पुलाखालच्या वस्तीवर जातं. जे जात नाही ते तिच्या खोलीत येतं. ही जागाच पाण्याची आहे. सुताराची चूक नाही, पन्हळीची नाही, बांधणाऱ्याची नाही. मी तेव्हा न बघता सांगितलं होतं.

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "दार किती वेळा तासलंस रे तू?"

"तीनदा."

"चारदा," ती म्हणाली आणि आत गेली.

भाऊजी खिडकीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली. आपटली नाही. नीट कडी घालून लावली.

१ जून

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. मी फोन केला की ताईकडे देतात. माझं नावही घेत नाहीत, "तुझा आहे," एवढंच.

मी सदुसष्ट यादीत परत घातली. बाकीच्या दोनही घातल्या. ऑफिसच्या वहीत खाडाखोड झाली, त्याबद्दल खुलासा मागितलाय.

१९ जून

साहेबांनी सदुसष्ट उडवली. म्हणाले, "राहती घरं हलवायची म्हणजे पाण्याच्या पातळीच्या किमान पाच वर्षांच्या नोंदी लागतात. आहेत?"

नाहीत. कुठून असणार? तिथे कुणी नळी बसवली नाही, कुणी मोजलं नाही. मी नोंदी नाहीत म्हणून सांगितलं आणि बाहेर आलो.

आणि मला हायसं वाटलं, हेही इथे लिहिलं पाहिजे. प्रामाणिकपणे यादीत घातली, नियमाने उडाली. ताईचं घर राहिलं. माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं. जिना उतरता उतरता मी चक्क शीळ घालत होतो.

२२ जून, रविवार

ताईला कळवावं म्हणून गेलो. भाऊजी बाहेर गेले होते, किंवा मी येणार म्हणून गेले असतील. तिला म्हटलं, "काळजी करू नको, सुटलं. पाच वर्षांच्या नोंदी असत्या तरच पुढे गेलं असतं."

ती चहाचा कप हातात धरून बसली. मग म्हणाली, "ते कपाट सरकव."

कपाट जड. पुठ्ठे काढले, कापडाचे गठ्ठे काढले, मग सरकलं. मागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. बारीक, पट्टीने मारलेल्या, प्रत्येकीवर तारीख. सात वर्षांच्या. पहिली रेघ राहायला आल्यापासून पाचव्या महिन्यातली. मी मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. काही ठिकाणी तारखेशेजारी पाणी उतरायला किती दिवस लागले तेही लिहिलं होतं.

"ही अक्षरं भाऊजींची नाहीत," मी म्हटलं.

"माझी आहेत. पुठ्ठे किती उंच ठेवायचे ते कळावं म्हणून सुरू केलं. मग सवय लागली."

"मला का नाही दाखवलंस?"

"दाखवून काय करणार होतास? तू पंप घेऊन यायचास, रंधा मारायचास, जाताना जरा बऱ्या तोंडाने जायचास. तेवढं असू दे म्हटलं."

मी म्हटलं, "ताई, हे मी बघितलंच नाही असं धरू. कपाट परत लावतो."

ती चिडली. माझ्यावर चिडलेली मी तिला आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलीय. "म्हणजे आणखी एकदा डोळे झाकायचे? मागच्या वेळी तू सांगितलंस, मी झाकले. पलीकडच्या घरातल्या आजींना मार्चमध्ये खुर्चीवर बसवून बाहेर काढलं दोघांनी. आता फोटो काढ. नीट काढ, तारखा वाचता आल्या पाहिजेत."

काढले. तारखा नीट वाचता येईनात म्हणून पुन्हा काढले.

९ सप्टेंबर

भिंतीवरच्या रेघा नोंदी म्हणून चालल्या, आज सदुसष्टची सुनावणी. शाळेच्या सभागृहात, लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. साहेबांनी सात मिनिटं प्रास्ताविक केलं, त्यात 'समन्वय' हा शब्द आठ वेळा आला. मग मी नकाशा दाखवला. लगेच आरडाओरडा. आमच्या घरांवर शिक्का मारला. आता ही घरं कोण घेईल? बेडकांना घर देणार आणि आम्हाला बाहेर काढणार. एक जण म्हणाला, "आणि याची सख्खी बहीण याच गल्लीत राहते, तिची सोय याने आधीच लावली असेल!"

मी उभा राहून काही बोललो. काय, ते धड आठवत नाही. कुणी ऐकलंही नाही.

ताई उठली. तिचा आवाज मोठा नाही, त्यामुळे लोकांना गप्प बसावं लागलं. "माझी काहीही सोय लागलेली नाही. हा माझा भाऊ, आणि याच्याच सांगण्यावरून मी इथे घर घेतलं. चूक त्याची आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगते. पण आता तो सांगतोय ते खरं आहे, आणि तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. तुमच्याही भिंतींना ओल आहे. पाहुणे आले की आपण सगळेच तिथे काहीतरी टेकवून ठेवतो." मग साहेबांकडे वळून, "हे लोक बेडकांवर रागावलेले नाहीत. आम्हाला उठवाल आणि दुसरीकडे जागा देणार नाही, याची त्यांना भीती आहे. उंचावर, कोरडी जागा लेखी द्या. आणि ती माती आधी खोदून बघा. मग मी सगळ्यात आधी निघते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. 'शेरा' रकान्यात मावलं नाही, दुसरा कागद जोडावा लागला.

भाऊजी शेवटच्या बाकावर होते. बाहेर पडताना माझ्या बाजूने गेले. थांबले नाहीत.

३१ ऑक्टोबर

अंतिम यादी दिली. दोनशे बारातल्या एकशे एकोणचाळीस खऱ्या, आणि आम्हाला पायी सापडलेल्या आणखी सव्वीस. साहेबांना दोनशेच हव्या होत्या, त्यांनी मला विचारलं, "पस्तीस कुठून तरी जमणार नाहीत का?"

यंदा मंजूर झाल्या चार. दोनशे दिवस चिखलात, एका बुटाचा बळी, आणि चार. बाईंनी मला चहा आधी दिला, म्हणाल्या, "चार म्हणजे शून्य नव्हे." मला पटलं नाही, पण प्यायलो.

चारात सदुसष्ट आहे. छत्तीस नाही. त्या शेतकऱ्याने सही दिली नाही, आणि मी त्याला पुन्हा विचारायला गेलो नाही.

१४ जानेवारी

सात घरांना चढावरच्या नवीन इमारतीत जागा मिळाल्या. तिथली माती मी स्वतः खोदली, सहा ठिकाणी. तपकिरी.

आज ताईची प्रेस हलवली. चार माणसं लागली. नवीन खोली दुसऱ्या मजल्यावर, उजेडाची, कोरडी. ताई खूश असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "इथे खळ फार लवकर सुकते. हात सावरेपर्यंत कडक होते." मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मागचं अंगण नाही, पायरी नाही.  भाऊजी खोके उचलत होते. मी दुसरं टोक धरायला गेलो, तर त्यांनी खोकं खाली ठेवलं, मी बाजूला झाल्यावर एकट्यानेच उचललं.

६ मार्च

घरं पाडून, राडारोडा उचलून झाला. गेल्या आठवड्यात जुन्या चराचं तोंड चिकणमातीने बंद केलं. पाणी मोजायला नळी बसवली. आणि काय? काही नाही. एक चिखलाचा सपाट तुकडा, मधे कुणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची, डास. साहेबांचा रोज फोन, "पक्षी कधी येतात? फोटो पाठवायचाय." शेजारच्या गल्लीतल्या एक बाई मला थांबवून विचारतात, एवढ्यासाठी सात घरं पाडलीत का?

मलाही तोच प्रश्न पडतो. चर कुठेतरी गळतोय, असा मला संशय आहे. उद्या परत खोदणार.

११ मार्च

गळत होता. त्याला खाली जुन्या विटांच्या नळाची एक फांदी होती, नकाशात नसलेली. दोन दिवस चिखलात लोळून ती सापडली. बंद केली. पाठ धरलीय, चड्डीपर्यंत चिखल.

२ एप्रिल

चार दिवस पाऊस. पुलाखालच्या वस्तीत पाणी शिरलं नाही. ते सदुसष्टमुळेच असं मी म्हणणार नाही, पाऊसही जरा कमीच होता. बाई म्हणतात तरी एक ओळ लिहा अहवालात. लिहीन.

संध्याकाळी घरी चिखलाचे बूट धूत होतो. फोन वाजला. ताईचा नंबर. उचलला, तर भाऊजी. जवळजवळ अकरा महिन्यांनी.

"पाणी किती आहे?"

मी गडबडलो. "कुठे?"

"कुठे म्हणजे? तिथे."

"नळीत... जमिनीच्या वर दीड वीत."

"विती नकोत. सेंटिमीटर."

"चौतीस."

पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग विचारलं, "काल?"

"काल एकतीस."

"म्हणजे चढतंय."

"चढतंय, भाऊजी."

"चढायलाच पाहिजे," ते म्हणाले. "माझं घर गेलंय त्यात. उद्या याच वेळेला सांगा." आणि फोन ठेवला.

३ एप्रिल

छत्तीस सेंटिमीटर. सांगितलं.